बांधावरचा मूळपुरुष

सेंट्रिफ्यूजचं झाकण लावून सत्यजीतनं तोंडावरचा मास्क आणि डोळ्यांवरचा गॉगल काढला, बाहीनं घाम पुसला, आणि समोर उभ्या असलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातातला पाना खाली पडला. आवाज साऱ्या शेडभर घुमला. कुरकुंभच्या कारखान्यात काहीही खाली पडलं की माणसं आधी पळतात आणि मग काय पडलं ते विचारतात. तशी दोघंतिघं दारापर्यंत पळालीसुद्धा. म्हातारा मात्र जागचा हलला नाही. हॉलंडहून नवा ड्रायर आला होता आणि तो चालू करून द्यायला ड्रायरच्या मागोमाग हा माणूस आला होता. नाव विलेम, पुढचं आडनाव लांबलचक. पण वयाकडं बघून कामगारांनी त्याला विलेमआप्पा करून टाकलं होतं आणि तोही हाकेला ओ देत होता. इतके दिवस त्यानं सत्यजीतकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण सत्यजीतकडं पाहायचं म्हणजे गॉगलकडं पाहायचं. आता तो जवळ आला, वाकला, आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसे त्याचे डोळे बघू लागला. "तुझं गाव कुठलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं. कारखान्यात कुणी गाव विचारलं की ते ओळख वाढवायला नसतं, गावी पाठवायला असतं. "शिरूर तालुका," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवलं, वारलेल्या माणसाचं नाव अचानक कुणी घेतल्यावर आपण घोळवतो तसं, आणि सॉल्व्हंटच्या रिकाम्या पिंपावर मटकन बसला.

डोळे घारे होते, एवढंच खरं तर. रंगही जरा उजळ होता, पण तो केमिकलनं गेला असं म्हणता आलं असतं. मांडवगण फराट्यात, म्हणजे त्याच्या गावात, त्याला घाऱ्या म्हणत आणि शाळेत इंग्रज म्हणत. दर गॅदरिंगला स्वातंत्र्याचं नाटक बसे आणि त्यातला जुलमी कलेक्टर दर वर्षी सत्यजीतच असे. डोळ्यांमुळं मेकअपचा खर्च वाचे. शाळा संपेपर्यंत त्यानं त्याच त्या वर्गमित्रांना फटके मारले आणि शेवटच्या प्रवेशात त्याच त्या वर्गमित्रांच्या हातून मेला. तो मेला की टाळ्या पडत, आणि पहिल्या रांगेत बसलेले आबा, त्याचे सख्खे वडील हौसराव, सगळ्यांत जोरात वाजवत. आपण मरतोय आणि आपला बाप खूश आहे, हे त्याला तेव्हाही कुठंतरी खुपलं होतं. आणि आता पिंपावर बसलेल्या विलेमआप्पांनी पाकिटातून एक फोटो काढून पुढं केला तेव्हा नेमकं तेच का आठवावं, ते त्याला कळेना. फोटो त्यांच्या एका पूर्वजाच्या तैलचित्राचा होता. केसांचा टोप घातलेला, गळ्याभोवती झालर असलेला एक तिरसट माणूस. विलेमआप्पा म्हणत होते, डोळे बघ, हे तुझे डोळे आहेत. सत्यजीतला तो माणूस गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा दिसला. पण वरिष्ठ माणूस काही दाखवत असताना आपल्याला काय दिसतं ते बोलायचं नसतं, हे त्याला डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेपासून माहीत होतं. तो म्हणाला, "येस सर."

त्या 'येस सर'वर पुढचं सगळं उभं राहिलं. विलेमआप्पांचं घराणं सरदारांचं होतं. किल्ला होता, खंदक होता, खंदकात बदकं होती. त्यातला एक धाकटा मुलगा, कॉर्नेलिस नावाचा, बापाशी भांडून जहाजावर चढला, फिरत फिरत इंग्रजांच्या पलटणीत शिरला आणि शिरूरच्या छावणीपर्यंत आला एवढं घराण्याला ठाऊक होतं. तिथून पुढं काही नाही. दोनशे वर्षं काही नाही. "तुमच्याकडे जुनी थडगी आहेत का?" त्यांनी विचारलं. आणि सत्यजीत, ज्याला आजवर कुठल्याच मुलाखतीत येत असलेला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, तो उत्साहानं बोलून गेला, की आमच्या शेताच्या बांधावर आहे ना, एका गोऱ्या साहेबाचं आहे, दगडावरची अक्षरं कधीच झिजली, पण दर अमावस्येला आमच्या घरातून त्याला जेवण जातं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं? जेवण? मग तुम्ही त्याचे कोण?" सत्यजीत म्हणाला, "माहीत नाही." आणि हे अगदी खरं होतं. तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिला की आपण फक्त माहीत नाही एवढंच म्हणालो. पण विलेमआप्पांनी खांद्यावर हात ठेवला होता आणि सांगितलं होतं, की त्यांच्या घराण्याची एक संस्था आहे, घराण्यातल्या मुलांना शिकवते, डेल्फ्टला मोठं विद्यापीठ आहे, केमिकलचं फार चांगलं आहे, रक्ताचा माणूस निघाला तर संस्थेतले लोक नाही म्हणणार नाहीत. रक्ताचा, हा शब्द त्यांनी हलक्या आवाजात उच्चारला, जणू शेडमध्ये कुणी ऐकलं तर लगेच सांडेल.

दौंडातल्या खोलीवर त्या दिवशी तो पडून राहिला आणि बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत राहिले. डेल्फ्ट. हा शब्द तोंडात ठेवला की गार लागत होता. कॉन्ट्रॅक्टरनं दर काही महिन्यांनी त्याचा गेटपास काढून घ्यायचा, त्याला घरी बसवायचं, आणि मग जणू आजच जन्मला आहे असं नव्यानं कामावर घ्यायचं, म्हणजे तो कधी परमनंट होत नसे. या हिशेबानं सत्यजीत गेली काही वर्षं एकाच रिअ‍ॅक्टरवर नवखा होता. ज्यांना त्यानं व्हॉल्व्ह उघडायला शिकवला ते आता त्याला व्हॉल्व्ह उघड म्हणून सांगत. अंगातला टोल्युइनचा, थिनरसारखा वास साबणानं जात नव्हता, भाकरीला यायचा, उशीला यायचा. एकदा मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीच्या आईनं पाव्हणं, घरात रंगकाम चालू हाय का, असं विचारलं होतं. यातून बाहेर पडायचा रस्ता बांधावरच्या एका मेलेल्या माणसाच्या छातीवरून जातो, हे तसं विचित्र होतं. पण रस्ता होता. त्याला हसू येत होतं आणि हसताना दात एकमेकांवर घट्ट आवळले जात होते.

घरी सांगायची त्याची इच्छा नव्हती. पण सुट्टीला गेल्यावर आबांनी विचारलं, कामावर काय नवीन, आणि त्यानं गंमत म्हणून सांगितलं. आबा गेल्या साली सोसायटीच्या चेअरमनकीला पडले होते. चुलतभावानंही त्यांना मत दिलं नव्हतं, आणि तेव्हापासून ते ओट्यावर बसून रस्त्याकडं एकटक पाहत, जणू रस्त्यानंही दिलं नव्हतं. गंमत ऐकता ऐकता ते सरळ होऊन बसले. "बॅरन हाय का तो?" त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांना कुठून माहीत, देव जाणे. "बॅरन नाही. योंकहेर म्हणतात. बॅरनच्या खालचा." आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "म्हंजी देशमुख न्हाई. पाटील." "असेल." "वतन व्हतं ना?" "होतं. किल्ला होता." "मग झालं तर," आबा म्हणाले आणि चिमूट तोंडात टाकली. त्या क्षणी, सत्यजीतच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष बदलला. तोपर्यंत तो राजस्थानातून आला होता. गावातल्या प्रत्येक घराचा मूळपुरुष राजस्थानातूनच आला होता. लहानपणी सत्यजीतला वाटायचं, राजस्थान आता अगदी ओस पडलं असेल. इथला म्हणून कुणीच नव्हता. इथं बहुधा नुसत्या बाभळी होत्या आणि त्या मूळपुरुषांची वाट बघत उभ्या होत्या. आता फक्त एवढंच झालं, की आपला मूळपुरुष राजस्थानच्या जरा पलीकडून आला.

मग ते त्याच्या हातात राहिलंच नाही. हीच गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त चावत होती. डोळे त्याचे, म्हातारा त्याचा, आणि घराणं मात्र आबांचं. सत्यजीतचा चुलतभाऊ बाळासो, ज्याचा उसाचा टेम्पो होता, त्यानं टेम्पोच्या मागं मुकुटवाला सिंह रंगवून घेतला. रंगाऱ्याला सिंह येत नव्हता, त्यामुळं तो मुकुट घातलेला कुत्रा दिसत होता, पण खाली 'सरदार' लिहिलेलं असल्यामुळं कुणी काही बोललं नाही. पारावर माणसं आबांना राम राम सायेब म्हणू लागली. त्यात थट्टा किती आणि पोटदुखी किती हे आबांना कळत नव्हतं, सत्यजीतला कळत होतं. आबांचे कान खूश होते आणि सत्यजीतचे कान तापत होते. एकदा तो न राहवून म्हणाला, "आबा, त्या कॉर्नेलिसचं लग्न कुणाशी झालं?"

"आपल्यातल्याच पोरीशी. दुसरं कोन दिल त्येला?"

"म्हणजे आपण मुलगी दिली."

"व्हय, दिली आसंल. मोठा मानूस हाय म्हणल्यावर."

"मग आपण त्याचे वंशज कसे? आपण त्याचे सासरे."

आबांच्या तोंडातली तंबाखू थांबली. मग त्यांनी उठून ओट्याखाली पिंक टाकली. "पोरगं शिकलं की घरात वकील लागतो," ते म्हणाले. "तुला जायाचं हाय का न्हाई तिकडं?" जायचं होतं. तिथंच तर सगळं अडत होतं. त्याला आबांवर चिडायचीही सोय राहिली नव्हती; आबा जो खोटेपणा करत होते तो त्याच्याच कामाला येणार होता. आणि या सगळ्या सासरे-जावयांच्या गोंधळात एक मुलगी होती, असली तर, जिला कुणी नाव दिलं नव्हतं, जी छावणीच्या कडेला कुठंतरी उभी होती, आणि जिला कुणी विचारलं असेल की नाही हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. सगळे तिला ओलांडून किल्ल्याकडं निघाले होते. सत्यजीतही निघाला होता. त्याला रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरचे काटे बघताना ती मध्येच आठवे आणि मग तो उगाच प्रेशर पुन्हा एकदा तपासे. प्रेशर बरोबर असे.

त्याच्या आईनं, धुरपदानं, हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं होतं. एक दिवस भाकरी थापता थापता ती सहज बोलली, "माझ्या बापाचे डोळे हायत की त्ये." सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. "कवठ्याला जाऊन बघा, आमची निम्मी भावकी घारी हाय. माझे न्हाईत व्हय?" तिनं मान वर केली, आणि विस्तवाच्या उजेडात ते डोळे होते. घारे. लख्ख. सत्यजीतनं ते जन्मल्यापासून रोज पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. आबा म्हणाले, "तुझ्या बापाचा हितं काय संबंध? घराण्याचं चाललंय." बाळासो हसला. तीही हसली, भाकरी उलटली, आणि विषय संपला. इतक्या साध्या रीतीनं संपला. कवठे येमाई तासाभराच्या अंतरावर होतं. हॉलंडपेक्षा जवळ. तिथं कुठलाही सरदार नव्हता, कोरडवाहू जमीन होती आणि घाऱ्या डोळ्यांची माणसं त्यात कांदे लावत होती. पण वंश बापाकडून येतो, आईकडून फक्त पोर येतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि पाठ होतं. 'आई, तू म्हणतेस ते बरोबर आहे', हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि गिळला.

ड्रायर चालू झाला. विलेमआप्पांचं विमान ठरलं, आणि जायच्या दिवशी दुपारी ते गाडी करून मांडवगणला आले. इथूनच परस्पर मुंबईला जाणार होते. त्या दिवशी अमावस्या होती. आबांनी मटण केलं होतं, म्हणजे करायला सांगितलं होतं, आणि सकाळीच बायकोला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तू आतच ऱ्हा. वाढायला आलीस तर डोळ्यावर पदर घे आन् खाली बघून वाढ."

"का?"

"त्येला घोटाळा व्हईल."

"म्यां चोरलेत व्हय डोळे?" धुरपदा म्हणाली. पण तिनं पदर घेतला. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. फेटा बांधल्यावर विलेमआप्पा खरोखरच कुणाच्या तरी लग्नातले जुने पाव्हणे दिसू लागले. बाळासोनं त्यांना टेम्पोवरचा सिंह दाखवला. त्यांनी फार वेळ पाहिलं आणि कुत्रा छान आहे म्हणाले. मग पंगत बसली. धुरपदा रस्सा वाढत आली तेव्हा पदर नाकापर्यंत होता. समोरचं दिसत नसल्यामुळं ती चाचपडत वाकली आणि रस्सा जरा ताटाबाहेर सांडला. "ही तुझी आई?" विलेमआप्पांनी विचारलं. "हो." "फार लाजाळू आहेत." सत्यजीतनं इंग्रजीत सांगितलं, "आमच्याकडे पद्धत आहे तशी." पद्धत. आयुष्यात तिनं कधी पदर डोक्याच्या पुढं घेतला नव्हता. रानात उसाला पाणी धरताना तिचा पदर कमरेला खोचलेला असे आणि ती पाण्याची पाळी देणाऱ्या पाटकऱ्याला शिव्या घालत असे. ती त्याच्यापुढं थांबली. पदराखालून, फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाली, "हाड घे. नळीचं हाय." त्यानं घेतलं. ते हाड त्यानं कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. चोखायला तोंडच उघडेना.

दिवस कलताना सगळे रानाकडं निघाले. पुढं साळूआत्या. साळूबाई ही आबांची आत्या, म्हणून साऱ्या घराची आत्या. लहानपणी लग्न होऊन गेली, त्याच वर्षी परत आली, आणि तेव्हापासून बांधावरचा निवद तिच्याकडं होता. घरातली बाकीची कामं सुनांनी वाटून घेतली, हे काम कुणी मागितलं नाही. हातात पितळी, पितळीत दहीभात, एक उकडलेलं अंडं, कांदा आणि कडेला एक विडी. विलेमआप्पा तिच्या मागून फेटा सांभाळत चालले होते आणि उसाची पानं त्यांच्या हाताला कापत होती, पण त्यांना भान नव्हतं. त्यांच्या मागं आबा. शेवटी सत्यजीत. त्याच्या मनात वाक्य तयार होतं. दौंडच्या खोलीवर आरशापुढं म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की ते मुलाखतीतलंच वाटत होतं: आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या असं मानतात, की. त्यापुढं काहीही जोडता आलं असतं.

बाभळीखाली तो चौथरा होता. चौथरा म्हणजे चार दगड आणि त्यांना धरून वाढलेलं गवत. विलेमआप्पांनी फेटा काढला. मग त्यांनी सत्यजीतला जवळ बोलावलं. "यांना विचार," ते आत्याकडं हात करून म्हणाले, "हा यांचा कोण?"

सत्यजीतनं विचारलं. साळूआत्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं वीज बिल कुणाचं असं विचारलं. "कोन? कोनी न्हाई."

"आत्या, नीट सांग," आबा मध्ये पडले. "पाव्हणा लांबून आलाय."

"नीटच सांगत्ये की. आरं, आपल्या मानसाला कुनी बांधावर जेवू घालतं व्हय? आपलं मेलेलं आसंल तर घरावर पान ठिवत्यात, कावळ्याला बोलावत्यात, ये म्हनत्यात. ह्यो परका. तापानं का कशानं हितं पडला, ना आगा ना पिछा. भुकेला राहिला तर घरात शिरंल. बाळंतिणीला धरंल, गुरं झपाटंल. म्हनून वेशीभाईर द्यायाचं. माझ्या आत्यानं मला सांगितलं, तिला तिच्या आत्यानं. याची आठवन म्हनून न्हाई देत आपन. त्यानं आपली आठवन काढू नये म्हनून देतो."

ऊस सळसळला. आबा सत्यजीतच्या कानाशी आले. तंबाखूचा वास आला. "ह्ये सांगू नकु," ते म्हणाले. "म्हातारीला काय कळतंय. मूळपुरुष हाय म्हनून सांग. तुझ्याच कल्याणाचं बोलतोय." आणि ते खरं होतं, कल्याणाचंच होतं. विलेमआप्पा त्याच्या तोंडाकडं पाहत होते. तिकडं आत्याही पाहत होती. दोघांच्या मध्ये तो एकटाच होता जो दोन्हीकडचं समजत होता, म्हणजे खरं काय ते आता त्याच्या जिभेवर अवलंबून होतं, आणि ही जीभ त्याला आजवर 'येस सर' म्हणण्यापलीकडं कधी उपयोगी पडली नव्हती. वाक्य तयार होतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या असं मानतात. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की हे वाक्य बोललं की संपलं. या बाईनं आयुष्यभर, आणि तिच्या आधीच्या सगळ्या आत्यांनी, ज्याला भात घालघालून उंबऱ्याबाहेर ठेवला, त्याला आपण हाताला धरून आत नेणार, पाटावर बसवणार, आणि त्याला जागा व्हावी म्हणून एक बाई डोळ्यांवर पदर ओढून चाचपडत वाढत राहणार. हे त्याला नीट विचार करून सुचलं असं नाही. रागच आला त्याला. कुणाचा, ते ठरवायलाही वेळ नव्हता. आबांचा, ड्रायरचा, नळीच्या हाडाचा. त्या रागात त्यानं आत्याचं एकेक वाक्य इंग्रजीत केलं, काहीही न गाळता, बाळंतीण आणि गुरांसकट. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "आणि डोळे माझ्या आईचे आहेत. तिच्या वडिलांचे. तिचेही तसेच आहेत. तुम्हाला दिसू नयेत म्हणून आम्ही झाकले होते."

आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण सगळं कळलं. ते दुसरीकडं तोंड करून पाटातल्या पाण्याकडं पाहू लागले.

विलेमआप्पांनी मान हलवली, मशीनमध्ये कुठं बिघाड आहे ते सापडल्यावर हलवत तशी. "आमच्याकडेही त्याला कुणी घरात घेत नव्हतं," ते म्हणाले. "बापानं त्याचं ताट बंद केलं होतं. म्हणून तर तो जहाजावर चढला." त्यांनी चौथऱ्याकडं पाहिलं. "माझ्या घराण्यात त्याला मेल्यावर कुणी चमचाभर सूपही ठेवलं नाही. यांना विचार, आज मी ठेवू का?"

सत्यजीतनं विचारलं. साळूआत्यानं पितळी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ठिवू दे," ती म्हणाली. "त्याचा आसंल तर त्यानंच द्यावं. पर सांग त्याला, ठिवलं की थेट गाडीकडं चालायचं. मागं वळायचं न्हाई. मागनं कुनी हाक मारली तर थांबायचं न्हाई. हाकंला वळलं, की ह्यो वळखीचा व्हतो, संगं चालाया लागतो."

हेही त्यानं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं इंग्रजी त्या दिवशी झालं. विलेमआप्पांनी पितळी दोन्ही हातांनी घेतली, गुडघे टेकले, दगडावर ठेवली, विडी जरा सरळ केली, आपल्या भाषेत दोन शब्द पुटपुटले आणि उठले. उठून त्यांनी फेटा काखेत मारला आणि चालू लागले. बांधावरून, उसाच्या कडेनं, थेट गाडीकडं. निरोप नाही, हस्तांदोलन नाही. सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणं करणारा इंजिनिअर होता तो. हॉलंडहून आल्यापासून त्यानं मॅन्युअलमधली एकही पायरी चुकवली नव्हती.

सत्यजीत बघत राहिला. पाठ लहान होत होती. त्याला एकदम खूप काही सुचू लागलं. संस्थेत घराण्याबाहेरची माणसं घेतच नाहीत का, एवढं तरी विचारायचं होतं. आपल्याला रिअ‍ॅक्टर चालवता येतो, रक्त वगैरे सोडून द्या, पण रिअ‍ॅक्टर येतो, हे सांगायचं होतं. पत्ता घ्यायचा होता. 'सर' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हातारा तिखट कानाचा होता, तो नक्की वळला असता. छातीत हाक भरून आली. त्याच्याकडं केमिकलचा डिप्लोमा होता, भुताखेतांवर त्याचा काडीइतका विश्वास नव्हता, हवेत काय असतं आणि काय नसतं हे त्याला टक्केवारीसकट माहीत होतं. पण तो वळला असता, हीच तर भानगड होती. हाक वर आली, जिभेपर्यंत आली, आणि तिथं थांबली. गाडीचं दार उघडलं. मिटलं. मागच्या काचेतून पांढरे केस दिसले, अगदी सरळ, पुढं बघत असलेले. गाडी धुरळ्यात गेली, आणि मग धुरळाही खाली बसला.

आबा केव्हाच निघून गेले होते, त्याच्याकडं न बघता. तो तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून चौथऱ्यापाशी उभा होता. साळूआत्यानं पदर झटकला, घराकडं तोंड केलं आणि पाठमोरीच म्हणाली, "चल की. हितं नकु उभा ऱ्हाऊस, त्यो तुला त्येचा समजंल."